पडदा मध्येच काळा होतो, आवाज मागे पडतो: पीएस ५, साउंडबार आणि टीव्हीची जोडणी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या घरात ५५ इंची फोरके टीव्ही भिंतीवर आहे, त्याच्याखाली साउंडबार आहे आणि प्लेस्टेशन ५ (पीएस ५) हे गेम कन्सोल बाजूच्या शोकेसमध्ये ठेवलेले आहे. फर्निचरचे काम चालू असताना इलेक्ट्रिशियनने भिंतीतल्या पाइपमधून सुमारे दहा मीटरची एचडीएमआय केबल ओढून दिली होती. ती कन्सोलपासून साउंडबारपर्यंत येते आणि तिथून एक छोटी केबल टीव्हीला जाते. खेळताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो, १२० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १२० चित्रे दाखवण्याचा) पर्याय निवडता येत नाही, बटण दाबल्यावर गोळीचा आवाज उशिरा येतो आणि वीज जाऊन आली की टीव्हीवर 'नो सिग्नल' झळकते. कन्सोल बदलून घ्यावे का, असे विचारले आहे.

कन्सोल बदलू नका, निदान एवढ्यात तरी नाही. या चार तक्रारी एकाच बिघाडाच्या वाटल्या तरी प्रत्येकीचे कारण वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यांतले एकही कारण बहुधा कन्सोलच्या आत नाही. लोक सगळी उपकरणे एकदम जोडतात, मग काही बिघडले की सगळ्यांची सेटिंग एकदम बदलतात आणि शेवटी कशामुळे काय झाले याचा पत्ता लागत नाही. म्हणून एका वेळी एकच दुवा तपासायचा आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळा.

आधी १२० हर्ट्झचे पाहू, कारण त्यातून बाकीचे समजायला सोपे जाते. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यांतल्या बऱ्याचशा चित्र आणि आवाज वाहून नेतात, पण १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून कन्सोल पलीकडच्या उपकरणाची माहिती वाचून घेते: कोणते रिझोल्यूशन चालते, किती हर्ट्झ चालतात, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारे चित्र) आहे का, आवाजाचे कोणते प्रकार समजतात. ही माहिती पाहूनच कन्सोल आपल्या मेनूतले पर्याय उघडे ठेवते किंवा पुसट करते. तुमच्या जोडणीत कन्सोलच्या पलीकडे टीव्ही नाही, साउंडबार आहे. टीव्हीची माहिती साउंडबारमधून गाळून येते आणि साउंडबारला जे पुढे पाठवता येत नाही ते त्यातून वगळले जाते. एचडीएमआय २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट आहे आणि फोरके १२० हर्ट्झ त्यात बसत नाही. प्लेस्टेशन ५ सेकंदाला ३२ गिगाबिटपर्यंत पाठवू शकते, पण मधला साउंडबार १८ वरच थांबत असेल तर तुमचा टीव्ही कितीही चांगला असला तरी कन्सोलला ते कळणारच नाही. बाजारातले पुष्कळ साउंडबार चित्र पुढे पाठवताना फोरके ६० हर्ट्झवरच थांबतात, आणि खोक्यावर मात्र 'फोरके पासथ्रू' एवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते.

तेव्हा पहिली पायरी अशी. कन्सोल एका संध्याकाळपुरते शोकेसमधून काढून टीव्हीजवळ आणा आणि कन्सोलबरोबर खोक्यात आलेल्या केबलने थेट टीव्हीला जोडा. साउंडबार आणि भिंतीतली केबल दोन्ही बाजूला राहू द्या, आवाज टीव्हीच्या स्पीकरवरच ऐका. मग कन्सोलच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ' मध्ये जाऊन 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' उघडा. सध्या कोणते रिझोल्यूशन जात आहे, किती हर्ट्झने, रंग कोणत्या स्वरूपात आणि जोडलेल्या टीव्हीला काय काय चालते, हे सगळे तिथे लिहिलेले असते. या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच पान उघडून ताडून पाहिले की अंदाज बांधत बसावे लागत नाही. एक्सबॉक्स सीरिज एक्स किंवा एस असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधले 'फोरके टीव्ही डिटेल्स' हे पान तेच काम करते आणि काय चालत नाही तेही ओळीने सांगते.

थेट जोडूनही या पानावर १२० हर्ट्झ दिसले नाहीत, तर टीव्हीकडे वळा. पहिली गोष्ट म्हणजे टीव्हीचा पॅनेल मुळात १२० हर्ट्झचा आहे का ते माहितीपुस्तिकेत पाहा, कारण ६० हर्ट्झच्या पॅनेलवर कुठलीही केबल हे काम करू शकत नाही. पॅनेल १२० चा असेल तर कोणत्या पोर्टमध्ये केबल लावली आहे ते पाहा. चार पोर्ट असलेल्या अनेक टीव्हींमध्ये चारही सारखे नसतात. दोनच पोर्ट फोरके १२० साठी असतात आणि सोनीच्या काही मॉडेलांमध्ये तर त्या दोनांपैकीच एक पोर्ट साउंडबारच्या ईआर्कसाठीही असतो (आर्क म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलने उलट साउंडबारकडे पाठवण्याची सोय, ईआर्क ही तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती). म्हणजे साउंडबार लावला की गेमसाठी एकच चांगला पोर्ट उरतो. आणि बहुतेक घरांत त्या उरलेल्या पोर्टमध्ये डिश टीव्हीचा किंवा केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स विराजमान असतो, कारण बसवायला आलेल्या माणसाला हात जिथे सहज पोहोचला तिथे त्याने तो लावलेला असतो. सेट-टॉप बॉक्सला साधा पोर्ट पुरतो. त्याला तिकडे हलवा.

पोर्ट बरोबर असूनही काम होत नसेल तर त्या पोर्टची क्षमता टीव्हीच्या मेनूत उघडावी लागते. कारखान्यातून येताना ती अनेकदा बंद असते, म्हणजे जुने बॉक्स गोंधळू नयेत. सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' मधला 'एन्हान्स्ड', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस' आणि एलजीमध्ये 'अल्ट्रा एचडी डीप कलर' अशी तिची नावे आहेत. ती प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्रपणे चालू करायची असते, हे लक्षात ठेवा. पोर्ट बदलला की सेटिंगही नव्याने करावे लागते.

आता काळ्या पडद्याकडे. इथे आधी एक गोष्ट वेगळी काढू. गेम सुरू होताना किंवा बंद होताना पडदा एकदाच दोन-तीन सेकंद काळा होत असेल, तर तो बिघाड नाही. कन्सोल साध्या चित्रावरून एचडीआरवर जाते किंवा ६० वरून १२० हर्ट्झवर जाते तेव्हा टीव्ही आणि कन्सोल पुन्हा जुळवून घेतात आणि तेवढा वेळ पडदा रिकामा राहतो. खेळ ऐन रंगात असताना, कोणतेही सेटिंग किंवा मेनू न बदलता असे होत असेल, तर मात्र ती केबलची, क्वचित पोर्टची तक्रार आहे. केबल कमकुवत असताना सेकंदाला १८ गिगाबिटच्या आतल्या सिग्नलवर आधी चित्रात पांढरे ठिपके चमकताना दिसतात, मग पडदा काळा होतो. त्याहून वरच्या वेगावर बहुधा ठिपके दिसतच नाहीत, थेट काळोखच होतो. म्हणून 'चित्र तर एकदम स्वच्छ आहे, केबल खराब कशी असेल' हा युक्तिवाद टिकत नाही.

याची कसोटी बिनखर्चाची आहे. भिंतीतली केबल परत लावा, कन्सोलचे रिझोल्यूशन १०८०पी करा आणि एक संध्याकाळ नेहमीसारखे खेळा. १०८०पी ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात, फोरके ६० एचडीआरला जवळजवळ १८. कमी वेगावर काळोख थांबला आणि फोरकेवर परत आला, तर दोष केबलच्या वहनक्षमतेत आहे. कमी वेगावरही काळोख होत राहिला, तर केबलला दोष देऊ नका. पिना सैल आहेत का, प्लग पोर्टमध्ये पूर्ण बसतो का, भिंतीला टेकलेल्या टीव्हीमुळे केबल काटकोनात मोडून पोर्टवर ताण पडतो आहे का, हे पाहा. भिंतीवरच्या टीव्हीत हा शेवटचा प्रकार फार आढळतो. केबल बदलेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून कन्सोलमधला 'फोरके व्हिडिओ ट्रान्सफर रेट' हा पर्याय 'ऑटोमॅटिक' वरून -१ किंवा -२ वर आणता येतो. त्यात रंगांची माहिती थोडी कमी पाठवली जाते, पण सोफ्यावरून पाहताना सहसा फरक जाणवत नाही.

दहा मीटरची साधी तांब्याची केबल फोरकेसाठी, आणि तीही भिंतीत, हे मुळात चुकलेलेच गणित आहे. इलेक्ट्रिशियनचाही फार दोष नाही, त्याला कुणी 'टीव्हीची केबल टाकून ठेव' एवढेच सांगितलेले असते. ४८ गिगाबिटची हमी देणाऱ्या 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणित केबल्स तांब्याच्या असतील तर तीन मीटरपर्यंत निर्धास्तपणे घ्याव्यात. खरी केबल ओळखायची खूण म्हणजे खोक्यावरचे स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल. 'एट-के', 'सोन्याचा मुलामा' वगैरे मजकुराला काही अर्थ नाही. दहा मीटरसाठी ऑप्टिकल फायबरची ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागेल. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेले असते, उलटी लावली तर चित्र येतच नाही आणि माणूस नवी केबल खराब निघाली म्हणून परत करायला निघतो. पाइपमधून ओढताना जुनी केबल काढून टाकू नका. तिच्याच टोकाला नवी घट्ट बांधून ओढून घ्या. पाइपच्या वळणात एचडीएमआयचे पूर्ण आकाराचे डोके अडकते, म्हणून ज्या केबलचे डोके वेगळे काढता येते अशीच मागा. फायबर कडक वळणात मोडतो हे ओढणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा. आणि भिंतीत हात घालण्यापूर्वी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोके जोडून तासभर चालवून पाहा.

आवाजाच्या बाबतीत 'उशिरा येतो' म्हणजे कशाच्या नंतर येतो, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सगळे निदान त्यावरच अवलंबून आहे. त्यासाठी असे करा. कन्सोलच्या मुख्य मेनूत जा, खोलीतला पंखा बंद करा आणि कंट्रोलरची काठी सावकाश एकेक घर उजवीकडे ढकला. यात तीन गोष्टी घडतात: बोटाखाली काठी टेकते, पडद्यावरची चौकट पुढच्या घरात सरकते आणि टिक असा बारीक आवाज येतो. काठी आणि चौकट एकाच वेळी हलली पण टिक मागाहून आला, तर विलंब आवाजाच्या वाटेत आहे. चौकट आणि टिक बरोबर आले पण दोन्ही काठीच्या नंतर आले, तर आवाजाचा काही दोष नाही, टीव्हीच चित्रावर संस्कार करण्यात वेळ घेतो आहे. टीव्ही सिनेमाच्या मोडमध्ये असताना हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त होऊ शकतो आणि काही साउंडबार टीव्हीकडून ती माहिती घेऊन आपला आवाजही तेवढाच रोखून धरतात, म्हणजे चित्राशी मेळ बसावा. खेळणाऱ्याला मात्र वाटते की साउंडबार मंद आहे. माझा अंदाज तुमच्याकडे हेच होत असावे, कारण सध्या तुमचा आवाज टीव्हीतून जातच नाही. उपाय सोपा आहे: त्या पोर्टसाठी टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र जरा फिके वाटेल, रंग हवे तर हाताने वाढवा, पण गुळगुळीत हालचाल आणि गोंगाट कमी करणारे पर्याय बंदच राहू द्या.

आता कायमची जोडणी. माझ्या मते आजच्या घडीला कन्सोल थेट टीव्हीला आणि साउंडबार टीव्हीच्या आर्क किंवा ईआर्क पोर्टला, हीच मांडणी बहुतेक घरांना योग्य आहे. चित्राच्या वाटेतून साउंडबार निघून जातो, म्हणजे त्याच्या मर्यादाही निघून जातात. २०२० साली बाजारात आलेल्या काही महागड्या एव्ही रिसीव्हरमध्ये (साउंडबारसारखेच चित्राच्या वाटेत बसणारे, वेगळ्या स्पीकरांचे ॲम्प्लिफायर) नव्या एचडीएमआय चिपच्या दोषामुळे एक्सबॉक्स सीरिज एक्सचे फोरके १२० चित्र येतच नव्हते आणि ग्राहकांना वेगळा बॉक्स किंवा नवीन बोर्ड द्यावा लागला होता. थेट टीव्हीला जोडणाऱ्यांना त्याची झळही लागली नाही.

टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर ईआर्क असेल तर साउंडबारच्या 'एचडीएमआय आउट' मधून टीव्हीच्या ईआर्क लिहिलेल्या पोर्टमध्ये केबल लावा. टीव्हीत आवाजाचे आउटपुट 'ऑडिओ सिस्टिम' वर, डिजिटल आउटपुट 'पासथ्रू' किंवा 'ऑटो' वर आणि ईआर्क मोड चालू ठेवा. मग कन्सोलच्या 'साउंड' मधल्या 'ऑडिओ आउटपुट' मध्ये उपकरणाचा प्रकार 'एव्ही अ‍ॅम्प्लिफायर' निवडून चॅनेलची संख्या तुमच्या स्पीकरप्रमाणे द्या आणि ऑडिओ फॉरमॅट 'लिनियर पीसीएम' ठेवा. पीसीएममध्ये कन्सोलला आवाज आधी आवळावा लागत नाही आणि साउंडबारला तो सोडवावा लागत नाही, त्यामुळे विलंब सर्वांत कमी राहतो. साउंडबार ॲटमॉसचा असेल आणि छतावरून उलटून येणारा आवाज हवा असेल तर प्लेस्टेशन ५ मध्ये सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून डॉल्बी ॲटमॉसचाही पर्याय आहे. कथाप्रधान खेळांसाठी तो जरूर लावा, स्पर्धात्मक खेळांसाठी पीसीएम बरा.

एका जरी बाजूला जुने आर्कच असेल तर गोष्ट वेगळी आहे. आर्कमधून पीसीएम दोनच चॅनेलचे जाते. कन्सोलमध्ये ७.१ पीसीएम निवडले तरी मागचे स्पीकर गप्पच बसतील. तिथे डॉल्बी निवडणे भाग आहे आणि त्याचा थोडा विलंब सोसावा लागतो. डीटीएस (डॉल्बीसारखाच आवाज आवळून पाठवण्याचा दुसरा प्रकार) मात्र निवडू नका, कारण सॅमसंगचे २०१८ नंतरचे टीव्ही आणि एलजीची मधली काही वर्षांची मॉडेले ते पुढे जाऊच देत नाहीत. 'कालपर्यंत आवाज होता, आज सगळेच मुके झाले' अशा तक्रारीमागे कित्येकदा घरातल्या कुणीतरी डॉल्बीऐवजी डीटीएसवर केलेली निवड निघते. निन्टेन्डो स्विचला तर डॉल्बी येतच नाही, ते फक्त पीसीएम देते, म्हणून साध्या आर्कवर त्याचा आवाज दोन चॅनेलचाच येतो, आणि तो बिघाड नाही. जुना साउंडबार ज्यांच्याकडे फक्त ऑप्टिकलचा आहे त्यांनी कन्सोलवर ते छिद्र शोधत बसू नये. पहिल्या पीएस ४ वर आणि पीएस ४ प्रोवर ते होते, स्लिमवर आणि पीएस ५ वर नाही. ती केबल टीव्हीच्या मागून घ्यावी. ब्लूटूथने साउंडबार जोडण्याचा विचारही नको: विलंब इतका असतो की वर सांगितलेली टिकची कसोटी न करताही कळतो.

वीज जाऊन आल्यावरचा 'नो सिग्नल' हा क्रमाचा प्रश्न आहे. लोडशेडिंगनंतर तिन्ही उपकरणांना एकदम वीज मिळते, पण तिघांना जागे व्हायला लागणारा वेळ वेगळा असतो आणि कन्सोलने माहिती वाचायला जावे तेव्हा पलीकडचे उपकरण अजून तयार नसते. तिन्हींचे प्लग सॉकेटमधून काढा, दोन-तीन मिनिटे थांबा, आधी टीव्ही, मग साउंडबार आणि शेवटी कन्सोल चालू करा. रिमोटने बंद करून हे साधत नाही, कारण तेव्हा उपकरणे झोपलेली असतात, बंद झालेली नसतात. यानेही चित्र आले नाही तर कन्सोल पूर्ण बंद करून त्याचे पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, साधारण सात सेकंदांनी दुसरी येईपर्यंत सोडू नका. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि सेफ मोडच्या यादीतला 'चेंज व्हिडिओ आउटपुट' हा पर्याय घ्या. तिथून रिझोल्यूशन खाली आणता येते. घरात दोन उपकरणे एकमेकांना चालू-बंद करत असतील, किंवा सेट-टॉप बॉक्स पाहताना टीव्ही आपोआप कन्सोलवर उडी मारत असेल, तर कन्सोलमधले 'एचडीएमआय डिव्हाइस लिंक' बंद करा. साउंडबारचा आवाज टीव्हीच्या रिमोटने चालावा म्हणून टीव्हीतली तीच सोय मात्र चालू ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. कन्सोलचा आणि पुष्कळ टीव्हींचा प्लग दोन पिनांचा असतो, त्यांना अर्थिंग नसते, आणि त्यांच्या धातूच्या भागांवर अगदी क्षीण प्रवाहाचे पण बऱ्यापैकी व्होल्टेज तरंगत राहते. पोर्टला हात लागला की झिणझिण्या येतात त्या त्याच्यामुळे. त्यात केबलवाल्याची तांब्याची तार टीव्हीत येत असेल तर इमारतीतल्या त्याच्या ॲम्प्लिफायरचा दाबही तिच्यावाटे आत येतो. चालू उपकरणात एचडीएमआय खुपसताना दोन उपकरणांतल्या याच व्होल्टेजच्या फरकाची ठिणगी पोर्टच्या चिपवर पडते आणि पावसाळ्यात विजा कडाडताना तर जास्तच. म्हणून आधी एचडीएमआय जोडा आणि प्लग सॉकेटमध्ये नंतर घाला, काढताना उलट. ज्यांच्याकडे वेगळा ॲम्प्लिफायर आहे आणि स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो, त्यांनी सगळ्यात आधी टीव्हीमागची ती केबलवाल्याची तार काढून पाहावी. आवाज तत्काळ थांबला तर ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेण्याची गरज नाही, तारेवर ग्राउंड आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन तारेतला विजेचा दुवा तोडणारा छोटा जोड) बसवला की झाले.

हे सगळे करूनही, खोक्यातल्या केबलने थेट जोडल्यावर, दोन वेगवेगळ्या टीव्हींवर चित्र येत नसेल, तरच कन्सोलच्या पोर्टवर संशय घ्या. टॉर्चच्या उजेडात आत पाहा: पिना एका रांगेत, समान अंतरावर दिसल्या पाहिजेत. वाकलेली पिन किंवा हललेला पोर्ट दिसला आणि वॉरंटी शिल्लक असेल तर कन्सोल उघडू न देता अधिकृत केंद्रात द्या. वॉरंटी संपली असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत बोर्डावरचे काम करणारे कारागीर आहेत. त्यांना नुसता पोर्ट बदलायला न सांगता पोर्टमागची एचडीएमआयची चिपही तपासायला सांगा, कारण पोर्ट शाबूत आणि चिप गेलेली, असे ठिणगीच्या प्रकरणांत वारंवार होते. कन्सोल हातात घेण्याआधी दुकानातच ते फोरकेवर चालवून दाखवायला लावा. १०८०पी वर आलेले चित्र पुरेसा पुरावा नाही.